पश्चिमेला रस्ता

१९९३ साली कल्याणच्या कर्णिक वकिलांनी कॉम्प्युटर घेतला. निवडायला ठाण्याला तिघे गेले: साहेब, त्यांचे मेहुणे आणि मेहुण्यांचे ज्योतिषी. चौदा वर्षं साहेबांचं टायपिंग मी केलं, पण मला विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. पडदा रंगीत हवा आणि समोरच्या वकिलापेक्षा मोठा हवा, एवढ्यावर खरेदी उरकली. सोबत तयार मसुद्यांचं सॉफ्टवेअर, सगळं इंग्रजीत. ज्या कोर्टात रोज मराठी अर्ज जातात, तिथे हे शहाणपण! माझा मराठी टाइपरायटर त्याच दिवशी मोहने गावातल्या एका टायपिंग क्लासला विकून टाकला.

आठवड्याभरात आमच्या जुन्या पक्षकार आवडाबाई आल्या. डोंबिवलीच्या खाडीकाठी त्यांची मासळी सुकवायची जागा. बिल्डर उद्या तिथे भराव टाकणार होता. आज मनाई हुकूम मिळाला नाही, तर जागा गेलीच. साहेबांनी मसुदा उघडला, नाव भरलं, बटण दाबलं. कागद बाहेर येताना असे बघत होते, जणू कोंबडीने पहिलं अंडं घातलंय.

एरवी मी अर्ज पक्षकाराला मोठ्याने वाचून दाखवायचे, मगच अंगठा.

"आता ते कशाला? कॉम्प्युटर चुकत नाही," साहेब म्हणाले.

मी कागद तसाच फाइलला लावला. त्याचा मला अजून राग येतो.

कोर्टात शपथ देणाऱ्या अधिकाऱ्याने आवडाबाईंना विचारलं, "यात काय लिहिलंय, समजलं ना?"

साहेब मागून 'हो म्हणा' अशी मान हलवत होते.

"नाय साहेब. हेमाबाय वाचतं तवा समजतं."

"मराठीत आणा," म्हणून कागद परत आला.

कोर्टाच्या पायरीवर बसून मी हाताने अर्ज लिहिला. साहेब इंग्रजीवरून सांगत होते, हातात अंगठ्याच्या शाईची डबी. मग मी वाचायला घेतलं. "पूर्वेला गावठाण, पश्चिमेला रस्ता..."

"कंचा रस्ता गो? तिकरं खाडी हाय!"

रस्ता सॉफ्टवेअरचा होता, कुठल्या तरी फ्लॅटच्या मसुद्यातला. साहेबांनी तो बदललाच नव्हता. तसाच गेला असता, तर 'ही जागा आमची नव्हेच' म्हणून बिल्डर मोकळा झाला असता आणि भराव पडला असता.

मी रस्ता खोडून खाडी लिहिली. साडेचारला मनाई मिळाली.

बाहेर येताना साहेब ओशाळं हसले. "हेमा, पुढच्या वेळी कॉम्प्युटर निवडायला तुला नेतो."

"मला कशाला? आवडाबाईंना न्या. खाडी कुठल्या बाजूला दाखवतो, एवढं तरी त्या विचारतील."