ऐंशीच्या वेगाला सुटणारा थरकाप

मार्च महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, सकाळी साडेदहाच्या सुमारास, हमरस्त्यावरील मोठ्या पुलाच्या उत्तर टोकाशी, मी माझ्या मालकाच्या एकुलत्या एका मुलीचा अंगठा मोडला.

मित्रांनो, मी एक जुनी, चारही चाकांना जोर पुरवणारी गाडी आहे. वरील विधान मी खेदाने करते. परंतु त्याला कबुलीजबाब समजू नका. अंगठा माझ्या स्टिअरिंगने मोडला ही वस्तुस्थिती आहे; तो कोणामुळे मोडला हा वेगळा प्रश्न आहे, आणि ज्यांनी हे दोन प्रश्न एकच मानले, त्यांनी त्या घरात पुढचे तीन दिवस अनर्थ मांडला.

माझी घडण आधी समजून घ्या. कारखान्यात माझा सांगाडा जाड पोलादाचा केला गेला आणि पुढची दोन्ही चाके एकाच अखंड आसाच्या दोन टोकांना बसवली गेली. हा आस डावीउजवीकडे सरकू नये म्हणून त्याला एका आडव्या दांड्याने सांगाड्याशी बांधलेले असते. तो दांडा घट्ट असेल तर मी डोंगर चढेन. सैल असेल तर सरळ रस्त्यावरही माझा भरवसा धरू नये.

माझी पहिली अकरा वर्षे दगडाच्या खाणीत गेली. सुरुंगाचे धोंडे माझ्या टपावर आदळले; दोनदा समोरची काच फुटून चालकाच्या मांडीवर सांडली. एकदा उतारावर मोकळा सुटलेला डंपर थोपवण्यासाठी खाणीच्या फोरमनने मला त्याच्या वाटेत आडवे घातले. माझा उजवा दरवाजा कागदासारखा चुरगळला, पण खाली काम करणारे तीन पाथरवट वाचले. फोरमन खिडकीतून बाहेर पडला, माझ्या बॉनेटवर थाप मारून म्हणाला, "शाब्बास, म्हातारे!" निवृत्त होताना त्याने मला विकत घेतले. एवढी स्तुती माझ्या वाट्याला पुन्हा कधी आली नाही.

फोरमन म्हणजे जमदग्नीचा अवतार. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो माझी सर्व कामे स्वतः करी. परक्या मेकॅनिकने मला हात लावणे हा त्याला स्वतःचा अपमान वाटे. तीन वर्षांपूर्वी त्याने माझा तो आडवा दांडा सोडवला, साफ केला आणि पुन्हा बसवला. त्यानंतर वर्षभराने मला पहिला थरकाप सुटला.

तो प्रकार शब्दांत मांडणे कठीण आहे. साठच्या वेगापर्यंत मी शांत असे. सत्तर ओलांडल्यावर एखादा खड्डा लागला की डावे चाक फडफडे, ते उजव्याला ओढी, उजवे डाव्याला, आणि क्षणार्धात पुढचा सगळा आस पिसाळल्यासारखा डावीउजवीकडे आपटू लागे. फोरमनने चाकांचे बॅलन्सिंग करून घेतले. थरकाप राहिला. नवे टायर घातले. राहिला. मग स्टिअरिंगचे धक्के शोषणारा नळीसारखा शॉक ॲब्सॉर्बर बदलला, आणि थरकाप सहा महिने नाहीसा झाला. फोरमन मिशीत हसला. परंतु रोगाचे लक्षण दाबणे म्हणजे रोग बरा करणे नव्हे. मी आतून झिजतच होते, आणि मला वाचा नव्हती.

फोरमनची मुलगी गुरांची डॉक्टर. डोंगरातल्या दवाखान्यात एक एप्रिलपासून तिची नेमणूक झाली होती; अट एकच, चढणीच्या रस्त्यांवर चालणारी स्वतःची गाडी हवी. गाडी नसेल तर जागा दुसऱ्याला. सराव व्हावा म्हणून त्या शनिवारी तिने मला हमरस्त्यावर काढले. पुलाचे दोन भाग जिथे जुळतात त्या लोखंडी सांध्यावर ऐंशीच्या वेगाने माझे डावे चाक आदळले.

मी पिसाळले. स्टिअरिंगने तिच्या हातांना असे हिसडे दिले की अंगठा आऱ्यात अडकून कडाडला. आरसा गळून पडला. तिने ओठ दाताखाली धरून ब्रेक सावकाश दाबला, तरी मी कठड्याला घासत वीस हात गेले. ठिणग्या उडाल्या, पत्रा किंचाळला, एक सायकलवाला सायकल टाकून पळाला. मी थांबले तेव्हा तिच्या ओठातून रक्त येत होते.

दुसऱ्या गाडीमागे दोराने बांधून, टोचण लावून मला घरी आणले. फोरमनने आधी मुलीचा हात पाहिला आणि मग तिच्यावरच उसळला.

"नाचता येईना अंगण वाकडं! स्टिअरिंग आवळून धरलंस म्हणून हे झालं!"

"बाबा, सैल धरायला ती काय बकरी आहे? गाडी हातातून निसटत होती!"

"मी तीनदा तपासलीय! जॅकवर उचलून, चाकं हाताने हलवून! तिळाएवढी ढिलाई नाही!"

"मग दुसऱ्या कुणालातरी एकदा दाखवा ना!"

दुसऱ्या कुणाला! हा शब्द त्याला डंखासारखा लागला. त्याने चाकाचा पाना उचलला आणि माझ्या डाव्या दिव्यावर घातला. काच फुटली. दुसरा घाव बॉनेटवर, तिसरा पुन्हा तिथेच. जिथे एकेकाळी थाप पडली होती तिथे आता पोचे पडत होते. "मंगळवारी भंगारवाला येईल! आणि तू पुन्हा कुठल्याही गाडीच्या स्टिअरिंगला हात लावायचा नाहीस. नोकरी गेली खड्ड्यात!"

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

सोमवारी सकाळी मुलीने बाहेरून ट्रॅक्टर बोलावून मला टोचणावर नाक्यापलीकडच्या गॅरेजात नेले. तिथली मेकॅनिक पन्नाशीची बाई होती. सगळे तिला मावशी म्हणत. फोरमन आरडाओरडा करीत मागोमाग आलाच.

"जॅक लावा आणि बघा, म्हणजे तुमचीही खात्री पटेल!" तो गरजला.

"जॅक कशाला?" मावशी म्हणाली. "माणूस उभं राहिल्यावर चक्कर येते म्हणतंय, आणि तुम्ही त्याला पाळण्यात झोपवून नाडी बघता? गाडी तिच्या वजनानिशी चारही चाकांवर उभी राहू दे. पोरीचा हात प्लास्टरात आहे, तर तुम्हीच बसा. इंजिन चालू ठेवा आणि स्टिअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे, झपाझपा फिरवा. थांबायचं नाही."

मला गॅरेजातल्या तपासणीच्या खड्ड्यावर उभे केले. मावशी खाली उतरली, मुलीलाही उतरवले. फोरमन दात खात स्टिअरिंग हिसडू लागला. मावशीने मुलीचा धड हात धरून एकेका सांध्यावर ठेवला. "इथं काही लागतंय?" "नाही." "इथं?" "नाही." मग तो तळवा आडव्या दांड्याच्या सांगाड्याकडच्या टोकावर आला.

"आई गं! ठक्‌ ठक्‌ करतंय!"

"जोरात, फोरमनसाहेब!" मावशी ओरडली.

त्याने आणखी जोर लावला. स्वतःविरुद्धचा पुरावा इतक्या ताकदीने दुसऱ्या कोणी क्वचितच सादर केला असेल. ठक्‌, ठक्‌, ठक्‌. दांडा बोटभर सरकत होता.

मावशीने बोल्ट घाव घालून बाहेर काढला आणि फोरमनच्या तळहातावर ठेवला. चौदा मिलिमीटरच्या भोकात बाराचा बोल्ट. तीन वर्षे त्या मोकळ्या जागेत आपटून त्याने गोल भोकाचे अंडे केले होते.

"हा बाराचा कुणी घातला?"

फोरमनने बोल्ट बोटांत फिरवला. "चौदाचा डब्यात नव्हता," तो म्हणाला. "म्हटलं, आज चालवून घेऊ. आवळला मात्र असा, की पाना वाकला."

"आवळल्याने बोल्ट जाड होत नाही, साहेब."

मावशीने त्या अंडाकृती भोकावर जाड पोलादी चकती जोडली, तिला नेमके चौदाचे भोक पाडले, नवा बोल्ट घातला आणि मी वजनानिशी जमिनीवर उभी असतानाच तो आवळला. दुपारी ती स्वतः मला हमरस्त्यावर घेऊन गेली. शेजारी मुलगी, मागे फोरमन. पंचाऐंशीच्या वेगाने मी पुलाच्या त्याच सांध्यावर आदळले. फोरमनने डोळे मिटून सीटची कड धरली. धक्का बसला, आणि तिथेच विरला.

मित्रांनो, यंत्राला वाचा नसते, म्हणून ते फक्त थरथरून बोलते. ती थरथर ऐकू आली तर तिचे तोंड दाबू नका. आणि तपासताना स्वतःच्या हाताचे कामही संशयातून वगळू नका. आपल्या हातावरचा विश्वास हा मोठा गुण आहे, परंतु तो पुरावा नव्हे.

पुलापलीकडे गाडी थांबवून मावशी खाली उतरली. फोरमनही उतरला. भंगारवाल्याला काय सांगायचे, मुलीला काय, हे त्याच्या चेहऱ्यावर होते, पण तोंडातून एवढेच आले, "मग आता?"

मावशीने किल्ली त्याच्या समोरून मुलीच्या हातात दिली.

"गाडी ठीक आहे. पोरीच्या चालवण्यात खोट नव्हती. चूक तुमची होती."