तो आवाज उसना नव्हता

मित्रांनो, मी एक जुना माइक आहे. बोलणे हा माझा धर्म नव्हे. माझा धर्म श्रवणाचा. चाळीस वर्षे मी इतरांचे बोलणे ऐकत आलो आणि त्यात स्वतःचे एक अक्षरही मिसळले नाही. मौनाने सर्व काही साधते असे थोर माणसे सांगतात. मला तसा अनुभव नाही. मी गप्प राहिलो, आणि माझ्या कानांदेखत एका बाईचा आवाज तिच्यापासून काढून दुसरीच्या पदरात घालण्यात आला. म्हणून आज हा धर्म मोडतो आहे.

माझा जन्म एका कारखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळच्या बाकावर झाला. माझ्या छातीत कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ असा एक पडदा आहे. तो बसवताना कारागीर बाईंनी स्वतःचा श्वास रोखून धरला होता. काम संपल्यावर त्या शेजारणीला म्हणाल्या, "याच्यापुढे कुणी खोटं बोललं, तर आधी यालाच कळेल बघ." ती थट्टा होती. मी मात्र ती आशीर्वादासारखी उराशी धरली.

पुढे माझी स्थापना एका ध्वनिमुद्रणाच्या खोलीत झाली. भिंतींना आवाज शोषणारा जाड लोकरी नमदा, समोर पडदा आणि काचेपलीकडे ध्वनिमुद्रक. त्यांना सगळे कानसेन म्हणत, आणि ते नाव त्यांनी कमावलेले होते. एखाद्या नटाला ते काचेआडून शांतपणे सांगत, "जेवून या. संवादापेक्षा तुमचं पोट जास्त बोलतंय." चित्रपटाचा छोटा तुकडा टोकाला टोक जोडून ते पुन्हापुन्हा पडद्यावर फिरवत, त्या तुकड्याला लूप म्हणतात. पडद्यावरचे ओठ हलले की माझ्यासमोर उभ्या असलेल्या माणसाने त्याच क्षणी, त्याच भावाने बोलायचे. ओठ एकाचे आणि कंठ दुसऱ्याचा असेही पुष्कळदा असे. त्यात लबाडी नव्हती. ती एक विद्या होती.

त्या विद्येत निष्णात होत्या ताई. पडद्यावर त्या कधी दिसल्या नाहीत. पण कितीतरी नायिका त्यांच्या कंठाने हसल्या, रडल्या.

माझ्या सेवेच्या दुसऱ्या वर्षी ती नटी आली. तिला सारे नुसते 'बाई' म्हणत. वय एकोणीस. दोन भाषांतल्या चित्रपटांत तिने कामे केली होती, आणि आता तिसऱ्या भाषेत तिची निवड झाली होती. त्या भाषेतले तिला पाणी मागण्यापुरतेही येत नव्हते. अशा नटीने चित्रीकरणाच्या वेळी संवादांऐवजी आकडे म्हणायचे, अशी त्या धंद्यातली रीत होती. प्रेमात पडायचे ते एक, दोन, तीन म्हणत; संतापायचे ते अकरा, बारा, तेरा म्हणत. नंतर खरे शब्द दुसरे कुणीतरी भरणार असे.

आपल्या ओठांवर कोण बोलते ते पाहायला ती मुद्रणाच्या खोलीत येऊन बसली. ताई लूप पाहून तिला समजणाऱ्या भाषेत म्हणाल्या, "तूच का ती? अगं, नवऱ्याच्या उशाशी बसून तू एकोणतीसपर्यंत मोजलंस. मला त्यात सात वाक्यं कोंबावी लागली. पुढच्या वेळी जरा चाळीसपर्यंत रड की."

सारे हसले. बाईही हसली. निघताना तिने ताईंना विचारले, "मला तुमची भाषा शिकवाल?"

"शिकवीन. पण तू शिकलीस तर माझ्या पोटाचं काय?"

"तुम्ही शिकवणार नाही म्हणालात, तर मी दुसरं कुणी शोधीन. पण मला तुमच्यासारखंच बोलायचंय."

ताईंनी तिच्याकडे निरखून पाहिले. "लबाड आहेस," त्या म्हणाल्या. "उद्या जेवणाच्या सुट्टीत ये. वही आण, आणि तो आकड्यांचा पाढा घरी ठेवून ये."

त्या दिवसापासून तीन वर्षे मी एक तपश्चर्या ऐकली. जेवणाच्या सुट्टीत खोली रिकामी होई. बाई आपल्या लिपीत उतरवलेली वाक्ये वाचे, आणि ताई भाकरी थापावी तशी तिच्या उच्चारांना चहूकडून थाप देत. "जीभ खाली. अजून खाली. पाहुणी असल्यासारखी बोलू नकोस, घरची असल्यासारखी बोल." मधल्या काळात ती चौथ्या भाषेत नायिका झाली, पाचव्या भाषेत एका वृद्धेची भूमिका करून आली, पण सुट्टी मिळताच ती माझ्यासमोर उभी. कुठल्याही चित्रीकरणात तिने पुन्हा आकडा उच्चारला नाही. सहनट कुरकुरत, "एवढं कशाला? आवाज तर दुसरीचाच लागणार." ती ऐकून घेई आणि संवाद पाठ करी.

मग ताईंच्या भाषेतला तो चित्रपट आला. न्यायालयात मुलासाठी साक्ष देणारी एक आई. शेवटी चार मिनिटांचे अखंड निवेदन. बाईंनी तो सगळा चित्रपट स्वतःच्या आवाजात मुद्रित करायला मागितला. निर्माते शेठ "बघू" म्हणाले, आणि बाईंनी त्या "बघू"वर विश्वास ठेवला. सहा दिवस त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या. सहाव्या दिवशी निवेदनाच्या शेवटच्या वाक्याआधी त्यांचा श्वास क्षणभर अडखळला. तो लिहिलेला नव्हता, शिकवलेला नव्हता. माझा पडदा त्या श्वासाने असा थरारला, की कारखान्यातल्या त्या कारागीर बाईंची मला आठवण झाली. कानसेनांनी "पुन्हा घेऊ" म्हटले नाही. ते फक्त म्हणाले, "झालं. आता याला कुणी हात लावू नका."

दुसऱ्या दिवशी शेठांनी ताईंना बोलावणे धाडले. नमुन्यादाखल तेच निवेदन त्यांच्या आवाजात मुद्रित करवले आणि सर्वांना एकत्र बसवले.

"बाईंचे उच्चार बाहेरचे वाटतात," शेठ म्हणाले. "मागच्या चित्रपटाच्या वेळी ढीगभर पत्रं आली. लोक म्हणतात, हिच्या तोंडी आपली भाषा शोभत नाही."

"मागच्या चित्रपटात आवाज माझा होता, शेठ," ताई म्हणाल्या. "मी इथेच जन्मले. माझी आजीसुद्धा इथेच जन्मली."

"ते मला ठाऊक आहे हो. पण बाई बाहेरची आहे हे लोकांना ठाऊक आहे ना?"

मित्रांनो, या वाक्याचा मला आजही संताप येतो. आपल्याच घरातल्या आवाजाला केवळ चेहरा पाहून लोकांनी परका ठरवले होते, आणि त्या आंधळ्या निवाड्याचा दंड बाईंनी भरायचा होता.

कानसेनांनी पडद्यावरचे चित्र बंद केले. "शेठ, नुसतं ऐका. दोन्ही लावतो. ताईंचा कुठला ते तुम्ही सांगा."

दोन्ही निवेदने झाली. शेठांनी क्षणाचाही विलंब लावला नाही. "दुसरा. याला म्हणतात घरचा आवाज."

"दुसरा बाईंचा आहे," कानसेन म्हणाले.

शेठांनी रुमाल काढला, चष्मा पुसला, पुन्हा घातला. चूक कळली म्हणजे माणूस ती सुधारतो असा माझा समज होता. शेठ म्हणाले, "असेल. पण नामावली तयार झालीय. 'आवाज' म्हणून ताईंचं नाव गेलंय, जाहिरातीही गेल्यात. आता ताईंनी सगळा चित्रपट बोलून टाकावा, म्हणजे खरंखोटं काही उरणार नाही."

"मी बोलणार नाही," ताई म्हणाल्या. "दुसरी कुणी बोलली, तर तिलाही मी काय घडलं ते सांगेन."

शेठांनी उसासा सोडला. प्रदर्शनाची तारीख तोंडावर आली होती. "बरं. आवाज बाईंचा राहू दे, नाव ताईंचं राहू दे. कबूल असेल तर बोला. नाहीतर मी परगावाहून कुणीतरी आणतो, आणि हे सहा दिवस पुसून टाकतो."

ताई संतापाने उठल्या. बाईंनी त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवले. "आवाज राहू दे, ताई. नाव काय, नंतरही लावता येईल."

"वेडी आहेस का? नंतर कोण लावतं?"

"शेठ, लावाल ना?"

"बघू," शेठ म्हणाले.

मित्रांनो, त्या क्षणी मी माझा धर्म मोडून ओरडायला हवे होते. नाव नंतर लावता येत नाही. आवाज हवेत विरतो. त्याला धरून ठेवणारी एकच दोरी असते, ती म्हणजे नाव.

चित्रपट गाजला. वर्तमानपत्रांनी लिहिले की, अभिनय उत्तम, परंतु त्याचा प्राण आहे तो ताईंचा उसना आवाज. तेच लोक, तेच कान. नामावलीत घरचे नाव वाचताच त्यांना भाषा घरची वाटू लागली. वर्षअखेरीस सन्मान देणाऱ्या परीक्षकांनी बाईंचे नाव वगळले, कारण आवाज उसना असलेल्या नटीचा विचार करायचा नाही असा त्यांचा नियम होता. ताईंनी स्वतः पत्र लिहिले: तो आवाज तिचाच आहे, माझा एक शब्दही त्यात नाही. उत्तर आले की आम्ही नामावली प्रमाण मानतो. पत्र लिहिणाऱ्या ताई प्रमाण नव्हत्या, मुद्रण करणारे कानसेन प्रमाण नव्हते; कागद तेवढा प्रमाण.

बाई पुढे सहाव्या भाषेत गेल्या. तिथे त्या स्वतः बोलल्या, आणि त्यांचे नावही लागले. परंतु चित्रपटांच्या जाड ग्रंथांत अजून हेच छापलेले असते की, तिसऱ्या भाषेत त्यांना बोलता आले नाही.

मीही निवृत्त झालो. नवे माइक आले. मला एका संग्रहालयाच्या काचेच्या कपाटात ठेवले. माझ्यापुढे एक चिठ्ठी आहे: 'या माइकसमोर ताईंनी ते अजरामर निवेदन केले.' मला खोट्याची पारख आहे म्हणणाऱ्या कारागीर बाईंचा हा सत्कार.

मागच्या महिन्यात ताई काठी टेकत आल्या. चिठ्ठी वाचून त्यांनी रखवालदाराकडून कपाट उघडवले, पेन मागितले, स्वतःचे नाव खोडले आणि बाईंचे लिहिले. "आता बरोबर आहे," त्या म्हणाल्या. रखवालदार ओशाळून म्हणाला, "आजी, असं करता येत नाही हो." दुसऱ्या दिवशी कार्यालयातून नवी चिठ्ठी आली. मजकूर जुनाच. फाइलीत तसेच लिहिलेले आहे म्हणे.

तेव्हा मित्रांनो, तुम्ही याल आणि ही चिठ्ठी वाचाल. वाचा, पण तेवढ्यावर थांबू नका. माझ्या कपाटाखाली एक खण आहे. त्यात माझ्याबरोबरच इथे आलेली सहाव्या दिवसाची मूळ फीत आहे. तिच्या सुरुवातीला कानसेनांनी दिवस सांगितला आहे आणि बाईंनी आपले नाव. अशी फीत वर्षातून एकदा तरी उलगडून पुन्हा गुंडाळावी लागते, नाहीतर थराला थर चिकटतो आणि आवाज कायमचा जातो. अकरा वर्षे तो खण कुणी उघडलेला नाही. रखवालदार भला माणूस आहे. कुणी विचारलेच नाही म्हणून तो गप्प आहे. त्याला विचारा. फीत लावायला सांगा. एकदा नाही म्हणाला, तर पुन्हा विचारा.