छाट बिड्यांची नावं

मी तिसरीपर्यंत शिकले, तेही गुरुजींना माझ्या तोंडाचा कंटाळा येईपर्यंत. तेव्हा लिहिण्यात चुका सापडतील. बिडीत सापडणार नाहीत, असं मात्र मी एकोणऐंशी सालापर्यंत छातीठोक सांगत होते.

नाशकात आमच्या वस्तीत घरोघरी बाया बिड्या वळायच्या. सकाळी कारखान्याच्या शाखेतून पान आणि तोलून दिलेली तंबाखू आणायची, मांडीवर सूप घेऊन दिवसभर वळायचं, दुसऱ्या दिवशी माल द्यायचा. माल तपासायला वाल्मीक चेकर होता. सायखेड्याचा, लग्न होऊन दोन वर्षं झालेली, पण मिशी ठेवावी की नाही हे अजून ठरत नव्हतं. नापास बिडी तो पिंपात फेकायचा. तिला म्हणायचं छाट. फेकताना त्याच्याजवळ एकच शब्द असायचा, खराब. दिवसभर खराब, खराब. ऐकून वाटावं, माणसाला दुसरं बोलायला शिकवलंच नाही.

कलाबाई माझ्या भिंतीला भिंत लागून राहायची. तिचा नवरा ओझरला गवंडीकामाला गेला आणि तिकडेच दुसरं घर मांडून बसला. बिडी तिला मी शिकवली. तिला छातीचं दुखणं होतं. औषध बिडीवाल्यांच्या दवाखान्यात मिळायचं, पण शाखेचं कार्ड दाखवून. आठ महिने झाले होते, अजून दहा महिने एक दिवसही चुकवू नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि शाखेचा नियम असा, की लागोपाठ तीन आठवडे हजारात पन्नासच्या वर छाट गेली तर कार्ड बंद. कलाबाईचे दोन आठवडे तसे गेले होते.

तिनं वाल्मीकला विचारलं, काय चुकतंय. तो म्हणाला, खराब म्हणजे खराब. मग ती माझ्या दारात येऊन बसली.

“मावशी, माझ्या हातात काय वाईट हाय ते तुमीच सांगा. तुमीच शिकवलं.”

शेवटचे दोन शब्द मला झोंबले. दया काय, उद्याही आली असती. पण तिचा हात वाईट म्हणजे शिकवणारीचा वाईट, हे वस्तीत चार तोंडांनी फिरायला वेळ लागला नसता.

मी वाल्मीकला सांगितलं, कलाबाईची छाट पिंपात टाकू नको, वेगळी ठेव, मला घरी न्यायची आहे. असं करता येत नाही, म्हणाला. तुझ्या आईला मी ओळखते, म्हटलं. एवढं पुरलं.

दुपारी गोणपाटावर त्या बिड्या पसरल्या आणि एकेक हातात घेऊन पाहिली. खराब सगळ्याच होत्या, पण प्रत्येकीचं दुखणं निराळं. जिचं पान उभं फुटलेलं होतं तिला मी म्हटलं टाच, कारण उन्हाळ्यात आमच्या टाचा अशाच फुटतात. मधेच फुगलेली ती गाभण. तोंड नीट न मिटलेली ती जांभई. आणि जिच्यात तंबाखू कमी, दाबली की बोट आत जातं, ती उपाशी. बाया जमल्या, हसल्या, भिमाबाईनं तर गाभणीला डोहाळे विचारले. पण ढिगारे चार झाले आणि हसणं थांबलं. अडुसष्ट बिड्यांतल्या एकसष्ट टाच होत्या.

टाच हातानं होत नाही. कोरड्या पानानं होते, मग वळणारी कुणी का असेना. आणि कलाबाईला कोरडं पान का मिळतं, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. जुन्या हातानं आधी घ्यायचं, अशी रीत होती. जुन्या बाया पुड्यातलं पान दाबून, ओलसर बघून घ्यायच्या. पोत्याच्या कडेचं, वाळलेलं ते सगळ्यात नव्या बाईच्या वाट्याला. रांगेत पहिली कोण असायची ते मी त्या दुपारी उगाळत बसले नाही. माझी छाट वेगळी काढून बघावी, असंही कुणाच्या मनात आलं नाही. माझ्या तर नाहीच.

शनिवारी आम्ही शाखेत गेलो. शाखेचा हिशेब आणि कार्डं सांभाळणाऱ्या ढुंढिराज दिवाणजींनी चष्मा पुसत सगळं ऐकून घेतलं. माणूस किरकिरा, पण बोलणं पुरं ऐकणारा. म्हणाले, नावं खरी असतील तर एकटीपुरती कशी खरी असतील? आज सगळ्यांचा माल याच नावांनी तपासू.

वाल्मीकला ती नावं आवडली होती. तो मोठ्यानं सांगू लागला. कलाबाई, चोपन्न, त्यात एकोणपन्नास टाच. भिमाबाई, नऊ, सहा गाभण. माझी पाळी आली. अकरा, म्हणाला, आणि त्याच बिड्या पुन्हा दाबून बघू लागला.

“बोल की,” मी म्हटलं.

“अकराही उपाशी, मावशी.”

हजारात अकरा म्हणजे काहीच नाही. वीस वर्षं कुणी त्याकडे पाहिलं नव्हतं. पण त्या शब्दानं त्या बिड्यांतली तंबाखू कुठं गेली ते विचारलं. ती माझ्या घरी, चुलीमागच्या डब्यात होती. रोज चिमूट चिमूट राखून, तव्यावर भाजून तिची मी मिसरी करायची. असं करणारी मी एकटी नव्हते. पकडली गेले ती मात्र एकटी.

दिवाणजींनी कलाबाईचं कार्ड हातात घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं. “शब्द तुमचे आहेत, गोजराबाई. उपाशी म्हणजे काय, ते तुम्हीच सांगा. का बायकांची नुसती थट्टा?”

थट्टा म्हटलं असतं तर मी सुटले असते. त्यांनी बहुधा मला वाट करून दिली होती. पण उपाशी थट्टा, तर टाचही थट्टा. आणि कलाबाई पदरात खोकत उभी होती, माझ्याकडे न बघता.

“थट्टा नाय,” मी म्हटलं. “उपाशी म्हणजे वळणारीनं तंबाखू राखली. मी राखली, मिसरीला.”

दिवाणजींनी कलाबाईचं कार्ड तिला परत दिलं. पान सोमवारपासून पाळीनं, म्हणाले, आज पहिली ती उद्या शेवटची. मला ते काही बोलले नाहीत. त्यांनी बोलावं असं मला वाटत होतं, म्हणजे मला उत्तर देता आलं असतं.

माझी पाळी शेवटी आली त्या दिवशी माझ्या बावीस टाच निघाल्या. वाल्मीकनं आकडा हळू आवाजात सांगितला. मी त्याला मोठ्यानं सांगायला लावला.

कलाबाईचं औषध पुरं झालं. आता शहाऐंशी साल आहे आणि शाखेत नव्या पोरी ही नावं अशी बोलतात, जशी बिडीबरोबरच जन्माला आली. कुणी केली, हे त्या विचारत नाहीत. मीही सांगत नाही, सांगायला गेलं की उपाशीची गोष्ट मागोमाग येते.

घरात मात्र सुटका नाही. माझी सून लता हा शब्द बिडीबाहेर घेऊन गेली. मी एखादी हकिकत सांगताना आपल्या सोयीचं तेवढंच सांगितलं, की मान वर न करता म्हणते, “आत्याबाई, हे उपाशी हाय.”

मी म्हणते, बिडी वळ. आणि मग राहिलेलं सांगते.