बिनओझ्याचा पाईल

मित्रांनो, मी एक जुना पाईल आहे आणि माझ्या आयुष्यातल्या एकुलत्या एका परीक्षेत मी नापास झालो.

हे वाक्य मी मागे घेतो. असं काही झालेलं नाही. तुम्ही ते वाचलेलं नाही, मी ते म्हटलेलं नाही, आणि मला तोंडच नसल्यामुळे पुढे कुणाला ते सिद्धही करता येणार नाही. पुन्हा सुरुवात करू.

मित्रांनो, मी एक जुना पाईल आहे आणि माझी तब्येत उत्तम आहे.

पाईल म्हणजे काय हे तुम्हाला माहीत नसेल तर त्यात तुमची चूक नाही. आम्ही दिसत नाही. उंच इमारतीचं ओझं वरच्या भुसभुशीत मातीला पेलत नाही, म्हणून पार खडकापर्यंत भोक पाडतात आणि त्यात काँक्रीट भरून जमिनीतच खांब तयार करतात. तो खांब म्हणजे मी. तुम्ही इमारतीत शिरता तेव्हा दाराचं कौतुक करता, जिन्याचं करता, लिफ्टमधल्या आरशाचं तर फारच करता. आमच्याकडे कुणी बघत नाही. कुणी बघितलंच, तर इमारतीचं काहीतरी बिनसलं आहे असं खुशाल समजावं.

तुमच्यात आधी माणूस जन्मतो आणि मग त्याच्या आयुष्यात पोकळी निर्माण होते. माझ्या बाबतीत पोकळी आधी आली. एक भलंमोठं यंत्र आलं, त्याच्या टोकाचा अजस्र स्क्रू गोल गोल फिरत जमिनीत शिरला आणि माती वर आणून टाकत राहिला. भोकाच्या भिंती ढासळू नयेत म्हणून आत बेंटोनाइट नावाच्या मातीचं राखाडी चिखलपाणी भरलं. ते पाणी तसं काहीच करत नाही. भिंतींना टेकून नुसतं उभं राहतं, घरातल्या थोरल्या काकांसारखं. पण ते असतं म्हणून घर उभं असतं. त्या वेळी मी अजून नव्हतोच, तरी मला तो काळ स्वच्छ आठवतो. गोल, गार, राखाडी अंधार, आणि खूप वर ताटाएवढं आकाश. त्यातून कधी ढग सरकत जायचा, तर कधी फोरमनचं डोकं. दोघांचाही वेग सारखाच होता.

माझी हाडं ताईंनी बांधली. ताई म्हणजे फोरमनची बायको. उभ्या सळयांना आडव्या कड्या तारेने बांधून त्या माझा पिंजरा तयार करत होत्या, आणि तार पिळता पिळता पिंजऱ्याशी बोलत होत्या. "नीट उभा राहा रे बाबा. वर माणसं राहायला येतील. सामानाचं काही वाटत नाही, पण त्यांची भांडणं फार जड असतात." मी तेव्हाच ठरवलं की आपण भांडणं पेलायची. सगळी.

पिंजरा उचलून भोकात सोडला तो मामांनी. मामा क्रेन चालवायचे. ते ताईंचे धाकटे भाऊ. मुलांचे मामा म्हणून फोरमन त्यांना मामा म्हणायचा, आणि फोरमन म्हणतो म्हणून सगळी साइट मामा म्हणायची, इंजिनिअर मॅडमसुद्धा. फोरमनने स्वतः हमी घेऊन त्यांना क्रेनवर बसवलं होतं. कंपनीचं म्हणणं साधं होतं: पाईल बिघडला की क्रेनवाला घरी. त्यामुळे मामांनी स्वतःला एक शिस्त लावून घेतली होती. पहिल्या हाकेला काम करायचं. दुसऱ्यांदा सांगायची वेळ कुणावर आणायची नाही.

आता माझ्या जन्माविषयी. काँक्रीट वरून ओतलं तर चिखलपाण्यात मिसळून त्याचं सरबत होतं. म्हणून एक लांब नळी तळापर्यंत सोडतात. तिच्या वर नरसाळं असतं आणि ती क्रेनला टांगलेली असते. काँक्रीट नळीतून तळाशी उतरतं आणि तिथून वर चढू लागतं, चिखलपाण्याला पुढे ढकलत. ते जसं चढेल तशी नळी हळूहळू वर घ्यायची. नियम एकच. नळीचं तोंड काँक्रीटमध्ये बुडालेलंच राहिलं पाहिजे. भलत्या वेळी तोंड बाहेर काढल्यामुळे जगात इतरत्रही घोटाळे होतात, पण आमच्याकडे तो लेखी नियम आहे.

मी पायापासून जन्मलो. आधी टाचा झाल्या, मग पोटऱ्या, मग गुडघे. सिमेंट घट्ट होऊ लागलं की गरम होतं, त्यामुळे त्या गार अंधारात मी एकटाच कोमट होतो आणि कोमटपणे वर वर येत होतो. ताट मोठं होत होतं. मी छातीपर्यंत झालो, आणि काँक्रीट संपलं.

दुसरी गाडी वाटेत होती. त्या मिक्सरच्या गाडीवर जे ड्रायव्हर होते त्यांनाही सगळे मामाच म्हणायचे. का, ते कुणालाच माहीत नव्हतं. मिशा तशा होत्या. फोरमनने त्यांना फोन लावला. घंटी वाजत राहिली. फोरमन नरसाळ्याशेजारी उभा राहून, एक बोट दुसऱ्या कानात घालून ओरडू लागला.

"मामा, उचला!"

फोन वाजतच होता.

"अहो मामा, उचला की!"

तरी वाजत होता.

"मामा! उचला म्हणतो ना!"

गाडीवाल्या मामांनी काही फोन उचलला नाही, कारण गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही असा नियम होता. क्रेनवाल्या मामांनी नळी तिन्ही वेळा उचलली, आणि तिसऱ्यांदा भाऊजींचा आवाज चिडका लागला म्हणून जरा जास्तच उचलली. दोन्ही मामा नियमाने वागले. मोठ्या चुका अशाच होतात मित्रांनो, अगदी शिस्तीत.

नळीचं तोंड माझ्यातून सुटलं. बाटलीचं बूच निघाल्यासारखा बारीक आवाज झाला, आणि मी गार चिखलाचा एक मोठा घोट गिळला.

फोरमनने वळून पाहिलं. नरसाळं त्याच्या डोक्याच्या वर गेलं होतं.

"मामा! नळी कुठे निघाली?"

"तुम्हीच म्हणालात उचला."

"तुम्हाला नाही हो!"

"मग कुठल्या मामाला?"

"खाली घ्या! आधी खाली घ्या!"

नळी पुन्हा माझ्यात घुसली. तेवढ्यात गाडीवाले मामा हॉर्न वाजवत फाटकातून आत आले. पलीकडच्या भोकापाशी उभ्या असलेल्या मॅडमनी हात वर करून विचारलं, "काय झालं?"

फोरमनने मामांकडे पाहिलं. मामांनी क्रेनच्या दांड्याकडे पाहिलं.

"काही नाही मॅडम!" फोरमन ओरडला. "काही झालेलं नाही!"

हे वाक्य तुम्ही मघाशी कुठेतरी वाचलं आहे. मी ते त्याच्याकडूनच शिकलो.

मग उरलेलं काँक्रीट आलं. मी खांद्यांपर्यंत झालो, डोक्यापर्यंत झालो, आणि मला झोप लागली. काँक्रीटची झोप फार लांब असते. त्या झोपेत मी रोज एक इमारत पाहायचो. ती दबक्या पावलांनी यायची, माझ्या डोक्यावर अलगद बसायची आणि विचारायची, "जड होत नाही ना?" मी म्हणायचो, "छे छे, बसा." कधी ती दारातच घुटमळायची. एकदा तर ती चपला काढून आली.

फक्त छातीत एका जागी गार लागायचं. तिथे स्वप्नही पोहोचत नव्हतं.

दुपारचा डबा ती तिघं माझ्या शेजारीच खायची. म्हणजे ताई खायच्या.

"अहो, डबा तसाच?" ताई म्हणाल्या.

"भूक नाही."

"आणि हा बघा. घास नुसता या गालातून त्या गालात फिरवतोय. मेहुणे मेहुणे मिळून माझ्या हातच्या जेवणावर रुसलात का?"

"काही झालं नाही गं," फोरमन म्हणाला.

"मी कुठे विचारलं काय झालं? काही झालं नसेल तर जेवा. झालं असेल तर सांगा. दोन्ही न करता ताटकळायला हे काय स्टेशन आहे?"

"ताई, तू यात पडू नकोस," मामा म्हणाले.

"मी पडू नको? पिंजरा माझा आहे खाली!"

फोरमनने डबा बंद केला आणि मामांनी तो घास एकदाचा गिळला. मी जसा चिखल गिळला होता, अगदी तसा.

पुढे रीतीप्रमाणे माझं डोकं फोडलं. यात राग मानण्यासारखं काही नाही. चिखलपाण्याला ढकलत वर आलेला पाईलचा माथा कच्चा असतो, म्हणून सगळ्याच पाईलांचा तो भाग फोडून काढतात आणि खालचं पक्कं डोकं मोकळं करतात. मग मॅडम एक छोटी हातोडी घेऊन आल्या. त्यांनी माझ्या डोक्याला एक बटणाएवढं यंत्र चिकटवलं. परीक्षा अशी असते: हातोडीने ठोकायचं. ठोक्याचा आवाज अंगातून खाली उतरतो, पायाला टेकून परत येतो. त्याला जायला-यायला हवा तेवढा वेळ लागला तर पाईल अखंड. तो लवकर परत आला तर वाटेत त्याला काहीतरी आडवं आलं.

मामा क्रेनमधून उतरून उभे होते. त्यांनी हेल्मेट हातात धरलं होतं. त्यांची खुर्ची आता त्या हातोडीवर होती आणि हातोडी माझ्यावर.

ठक.

मी आवाजाला म्हटलं, बाबा रे, जरा रेंगाळ. वाटेत थांब, माती बघ, खडकाशी दोन शब्द बोल. पण आवाज छातीपर्यंत गेला आणि मधल्या सुट्टीत शाळेतून पळालेल्या मुलासारखा घरी परत आला. मित्रांनो, मला खोटं बोलायचं होतं. काँक्रीटमध्ये तेवढी कल्पनाशक्ती नसते.

ठक. ठक. मॅडमनी दोनदा पुन्हा ऐकलं.

"याच्या मधोमध काहीतरी आहे," त्या म्हणाल्या.

ताईंनी हातातला तारेचा आकडा खाली ठेवला आणि दोघांकडे पाहिलं.

"चूक माझी," दोघं एकदम म्हणाले.

"मी उचला म्हणालो."

"मी उचललं."

"एकेक करून बोला," मॅडम म्हणाल्या. "उचला कुणाला म्हणालात?"

"फोनला."

"मग मामा, तुम्हाला फोन म्हणतात का?"

"नाही मॅडम, मला मामा म्हणतात. पण फोनमध्येही मामाच होते."

मॅडमनी डोळे मिटले. "म्हणजे फोनमधले मामा उचलेनात म्हणून क्रेनमधल्या मामांनी उचललं?"

"कुणीतरी उचलायला हवं होतं," मामा प्रामाणिकपणे म्हणाले.

मॅडम तिथे हसल्या नाहीत. नंतर त्यांच्या ऑफिसात हसल्या, पण ऑफिस पत्र्याचं होतं. तिथे मात्र त्या शांतपणे म्हणाल्या, "त्याच वेळी सांगितलं असतं तर हा ओला होता. पिंजरा काढून, सगळं उपसून पुन्हा भरला असता, संध्याकाळपर्यंत विषय संपला असता. आता याचा दगड झालाय."

दगड. मला ते लागलं, पण मी दगड असल्यामुळे कुणाला दिसलं नाही.

"मी उद्यापासून येत नाही," मामा म्हणाले.

"हमी माझी होती," फोरमन म्हणाला. "मी जातो."

"वा! आणि नवीन पाईल कोण ओतणार? मी आणि ताई?"

"माझी तयारी आहे," ताई म्हणाल्या.

मॅडमनी कंपनीला कळवलं की क्रेनने हुकूम बरोबर पाळला, हुकूम फक्त चुकीच्या मामाला गेला. कंपनीने बराच विचार केला, कारण त्यांच्या नियमांत मामा हा शब्दच नव्हता. शेवटी मामा राहिले. ओतकाम चालू असताना फोरमनचा फोन मात्र ताईंच्या कमरेला खोचलेला राहू लागला, आणि साइटवर 'उचला' हा शब्द बंद झाला. फोन 'घ्यायचे', विटा 'वर करायच्या'. एका पाहुण्या साहेबांनी बोलता बोलता "हा मुद्दा मी उचलून धरतो" असं म्हटल्याबरोबर तिघं जण क्रेनकडे धावले.

माझ्या दोन्ही बाजूंना दोन नवे पाईल झाले. अखंड, ठणठणीत, जरा गर्विष्ठ. इमारतीचा भार त्या दोघांवर टाकायचं ठरलं. माझ्यावर चुकूनही टेकू नये म्हणून माझं डोकं वीतभर खाली छाटलं आणि त्यावर थर्माकोलचा जाड तुकडा ठेवला. जाण्यापूर्वी ताईंनी तो हाताने नीट केला, पांघरूण नीट करतात तसा. मामांनी वरून आवाज दिला, "झोप रे!" तेव्हापासून मी इथे आहे. डोक्याला उशी असलेला पाईल तुम्ही दुसरा ऐकला नसेल.

वर काय बांधलं ते मला कुणी सांगितलं नाही. मी शेजाऱ्यांच्या कण्हण्यावरून अंदाज करतो. सकाळी खूप पावलं उतरतात, संध्याकाळी तीच पावलं थकून चढतात. कुणीतरी रोज एकच कपाट या भिंतीवरून त्या भिंतीला सरकवतं. कधी एखादं भांडण होतं, तेव्हा डावीकडचा पाईल म्हणतो, "बाप रे, आज जड आहे." मी उशीवरून मान न हलवता म्हणतो, "थोडं इकडे दे." ते त्याला देता येत नाही.

मित्रांनो, माझ्याकडून एवढंच घ्या. हाक मारताना ती कुणाला मारली हे त्या माणसालाही कळू द्या. आणि चूक ओली असतानाच सांगा. ती उपसून काढता येते. एकदा वाळली, की लोक तिच्याभोवती इमारत बांधतात.

आता एक कामाची गोष्ट उरली आहे, तेवढी करून मी झोपतो.

प्रति, माननीय इमारत, मुक्काम वर. विषय: ओझे मिळणेबाबत. महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार हा आपल्या खाली दीर्घकाळ उभा असून त्याच्याकडे अद्याप कोणतेही ओझे देण्यात आलेले नाही. अर्जदाराच्या छातीत एका जागी चिखल आहे, हे तो मान्य करतो. सबब, एखाद्या दुपारी शेजारील दोन्ही पाईल विश्रांती घेत असताना, आपण थोडा वेळ अर्जदाराच्या डोक्यावर बसावे. संपूर्ण इमारत शक्य नसल्यास एक लहानसे भांडण चालेल. वापरानंतर ते सुस्थितीत परत करण्यात येईल. मधली उशी काढण्यासाठी आपणांस वीतभर उचलावे लागेल, याची अर्जदारास जाणीव आहे. त्याकरिता मामांना बोलावण्यात यावे. ते पहिल्या हाकेला उचलतात.