डिकीवरचं नाव

त्या शनिवारी सकाळपासून पपा एका जागी बसले नव्हते. शोरूममधल्या गाड्यांच्या काचांवरचे किमतीचे कागद त्यांनी सरळ केले, मग तेच कागद पुन्हा सरळ केले. पुसलेल्या गाड्या परत पुसल्या, कॉफीच्या भांड्याखालचा फडका बदलला, बाहेर जाऊन रस्ता पाहिला आणि परत आत आले. खिशातल्या पेपरमिंटच्या डबीचा खुळखुळाट चालूच होता. शेवटी मी म्हटलं, "पपा, पुसून पुसून गाड्यांचा रंग जाईल हो. बसा की जरा."

"ट्रक यायला हवा होता एव्हाना."

"येईल. तुम्ही रस्त्याकडे डोळे लावल्याने लवकर येणार आहे का?"

ते बसले आणि लगेच उठले. माझं डोकं तापलं. महिनाभर ही येरझार मी पाहत होते, आणि तिला कारण होते लॅम्बर्ट विरेंगा.

आमच्या गावात सगळे हॉलंडहून मिशिगनला आलेल्यांचे नातू-पणतू. रविवारी कुणी दुकान उघडत नाही, गवतसुद्धा कापत नाही. पण चर्चबाहेरच्या मोकळ्या जागेत कुणाची कोणती गाडी उभी आहे, हे पाळकसाहेबांच्या उपदेशापेक्षा जास्त मन लावून पाहिलं जातं. आम्ही जिच्या गाड्या विकायचो ती कंपनी तीन नावांनी गाड्या काढायची. बीकन स्वस्त, रीजंट महाग आणि मधली कॅल्व्हर्ट. रीजंट घेतली तर माणूस चढून गेला म्हणत. बीकन घेतली तर धंद्यात काही बिनसलं का, अशी हळूच चौकशी होई. कॅल्व्हर्ट घेतली की कुणी काहीच म्हणत नसे. आणि कुणी काहीच न म्हणणं, यालाच आमच्याकडे सुख म्हणतात.

युद्धावरून परतल्यावर पपांनी हे सुख, म्हणजे फक्त कॅल्व्हर्ट, विकायला घेतलं. मी लहान असताना दर सप्टेंबरात शोरूमच्या काचांना आतून कागद चिकटवले जात, नवं मॉडेल कुणाला आधी दिसू नये म्हणून. कागदाच्या फटीला नाक लावून अर्धं गाव उभं राही. उघडायच्या दिवशी आई ओलीबोलन, म्हणजे मनुका घातलेले गोड गोळे, तळायची, आणि साखर लागलेल्या बोटांनी गाडीला हात लावणाऱ्यांवर पपा नुसते डोळे वटारायचे. एक काळ असा होता की चर्चबाहेर जिकडे पाहावं तिकडे कॅल्व्हर्टच.

गाडी ताब्यात देताना पपांची एक रीत होती. गिऱ्हाइकाला चाकामागे बसवायचं, स्वतः शेजारी बसायचं, दोघांनी एकेक पेपरमिंट तोंडात टाकायची आणि गावाला एक चक्कर मारायची. रेल्वेचे रूळ ओलांडले की पपा विचारत, "काही आवाज येतोय?" गिऱ्हाईक कान देऊन म्हणे, "नाही." मग पपा म्हणत, "हीच कॅल्व्हर्ट." हे वाक्य ते प्रत्येकाला म्हणाले असतील, पण दर वेळी पहिल्यांदाच सुचल्यासारखं.

पुढे कंपनीतल्या कुणा शहाण्याला वाटलं, तीन वेगळ्या गाड्या कशाला बनवायच्या? एकच सांगाडा, एकच इंजीन, समोरची जाळी तेवढी वेगळी. त्यात जपानी गाड्या आल्या, आणि चर्चबाहेर त्याही दिसू लागल्या. मी पपांना म्हणत होते, "आपणही घेऊ जपान्यांची एजन्सी. त्यांचा माणूस दोनदा येऊन गेलाय." पपा ऐकल्यासारखं करायचे आणि पाना शोधायला आत जायचे.

महिन्यापूर्वी लॅम्बर्ट विरेंगा नवी गाडी सांगायला आले. चर्चच्या पंचमंडळातले, गाद्यांच्या कारखान्याचे मालक, आणि जन्मभर फक्त निळी कॅल्व्हर्ट घेणारे. ते जिथे घेतील तिथे त्यांच्या मागे आणखी बरीच घरं घेत. त्यांनी टोपी मांडीवर ठेवून विचारलं, "गेरिट, माझा पुतण्या म्हणतो, कॅल्व्हर्ट म्हणजे वेगळे कपडे घातलेली बीकन. खरं का रे?"

पपा उठले आणि समोरच्या गाडीच्या बॉनेटवर तळहात ठेवून म्हणाले, "लॅम्बर्ट, माझा शब्द घे. ती गाडी वेगळी, ही वेगळी."

आमच्याकडे शब्द दिला म्हणजे कागद लागत नाही. लॅम्बर्ट सही करून गेले. पण त्या दिवसापासून पपांना चैन नव्हतं. ते खोटं बोलले नव्हते, त्यांना तसंच वाटत होतं. फक्त खात्री करून घ्यायला ते कधी बीकनच्या खाली वाकले नव्हते, एवढंच.

जेवणाच्या वेळेला ट्रक आला. निळीशार गाडी खाली उतरली, आणि पपांचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. ते पुढून न्याहाळत होते. मी मागे गेले. समोरच्या जाळीवर कॅल्व्हर्ट, दारावर कॅल्व्हर्ट, आणि डिकीवर चकचकीत अक्षरांत लिहिलेलं: बीकन.

"पपा," मी म्हटलं, "इकडे या. ओरडू नका."

ते आले, वाचलं, चष्मा काढून परत वाचलं. "चुकीची गाडी पाठवली."

"कागदावर कॅल्व्हर्टच आहे. गाडी बरोबर आहे. लावणाऱ्याने भलत्याच नावाची पट्टी उचलली."

"अशी कशी भलतीच उचलेल? बसणारच नाही ती!"

"बसलीय ना पण."

आमचा मेकॅनिक हेंक आतून कॅल्व्हर्टची पट्टी घेऊन आला. डिकीवरची पट्टी त्याने दोरा घालून अलगद उपटली. खाली दोन बारीक भोकं होती. नवी पट्टी त्याने त्यांवर धरली आणि अंगठ्याने दाबली. टक्. इतकी नेमकी बसली की हेंकलाच हसू आलं. पपांकडे बघून त्याने ते गिळलं.

"झालं!" मी म्हटलं. "हात धुवा. चारला विरेंगा येतील. कुणाला कळणारही नाही."

पपा बीकनची पट्टी हातात घेऊन उभे होते. "भोकं तीच आहेत, लीडा."

"असू देत. भोकं कुणी विकत घेतं का?"

"मी त्याला शब्द दिलाय."

"तुम्हाला कुठे माहीत होतं तेव्हा!"

"आता माहीत झालं ना."

मग जे सुरू झालं त्याने मला वेड लागायची पाळी आली. पपा शोरूमच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होते. मध्येच रस्त्यापलीकडे, बीकनवाल्याच्या दुकानाकडे बघत. मी चिडले, समजावलं, शेवटी हात जोडले. हे गिऱ्हाईक गेलं तर दुकान जाईल, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. "आज गप्प राहा, पपा. एवढा एकच दिवस," मी म्हटलं. त्यांनी मला एक पेपरमिंट दिली. लहानपणी चर्चमध्ये मी चुळबुळ केली की देत तशीच.

चारला लॅम्बर्ट आणि त्यांची बायको हिल्डा आले. हिल्डाने ठेवणीतला कोट घातला होता. गाडी बघून ती हरखली. "काय निळी आहे गं! मागच्यापेक्षा गडद, नाही?"

लॅम्बर्टनी किल्लीसाठी हात पुढे केला. पपांनी त्या हातावर बीकनची पट्टी ठेवली.

"हे काय?"

"हे तुझ्या गाडीवर लावून आलं होतं. काढून आपलं लावलं, तर त्याच भोकांत बसलं. लॅम्बर्ट, मागच्या महिन्यात मी तुला जे सांगितलं ते खरं नव्हतं. मला माहीत नव्हतं, पण खरं नव्हतं."

मला वाटलं, लॅम्बर्ट आता पपांच्या खांद्यावर हात ठेवतील. निदान हसतील. ते कुठले! त्यांनी पट्टी उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं, "मग मी जास्तीचे पैसे कशाचे देतोय?"

"मी किंमत कमी करतो."

"आज कमी करशील. आधीच्या सगळ्या गाड्यांचं काय?"

लॅम्बर्टनी टोपी घातली. "खरं बोललास, बरं केलंस," एवढं म्हणून ते हिल्डाला घेऊन रस्ता ओलांडून पलीकडे गेले. निळी नव्हतीच तिथे. तासाभराने ते फिकट तपकिरी बीकन घेऊन आमच्या समोरून गेले. हिल्डा बाजूच्या सीटवर बसली होती, आणि तिने आमच्याकडे पाहिलं नाही.

मी पपांना नको ते बोलले. "मिळालं समाधान? आता गावभर खरं बोलत फिरा!" असं म्हणून मी दिवे बंद केले. पपा अंधारात पट्टी हातात घेऊन बसले होते. त्या दिवसात पहिल्यांदाच बसले होते ते.

रविवारी चर्चबाहेर काय झालं असेल ते सांगायला नको. तपकिरी बीकन पाहून लोकांनी विरेंगांना काही विचारलं नाही. पण बायका हिल्डाची विचारपूस करून गेल्या. कारखाना बरा चाललाय ना? लॅम्बर्टची तब्येत? एकीने तर भाजीचं भांडं पाठवू का, असंही विचारलं.

सोमवारी दार उघडतो तोच लॅम्बर्ट हजर. गाडी मागच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशी लावलेली, आणि आत हिल्डा.

"गेरिट, ती तुझी अक्षरं... एखादी पट्टी असेल ना जास्तीची?"

"कशाला?"

लॅम्बर्टनी आवाज उतरवला. "हिल्डा कालपासून रडतेय. म्हणते, या गाडीतून मी चर्चला येणार नाही. लावून दे ना. भोकं तीच आहेत, तूच म्हणालास."

माझा जीव भांड्यात पडला. मी लगेच पट्टी काढून काउंटरवर ठेवली. एका पट्टीने माणूस परत येत असेल तर अजून काय हवं? पपांनी ती माझ्यासमोरून उचलली आणि खिशात टाकली.

"नाही, लॅम्बर्ट."

"अरे, पैसे देतो पट्टीचे!"

"प्रश्न पैशांचा नाही. तू बीकन घेतलीस."

"दोन्ही एकच आहेत, तूच दाखवलंस!"

"एकच आहेत."

"मग प्लास्टिकच्या तुकड्याचं एवढं काय रे?"

पपांचे कान लाल झाले. मी त्यांना असं क्वचितच पाहिलं होतं. "एवढंच उरलंय माझ्याकडे," ते म्हणाले. "लोखंड सगळं त्यांचं. या नावावर मी गावाला शब्द देत आलो. मागच्या महिन्यात तुझ्याशी नकळत खोटं बोललो. आज तुझ्यासाठी अख्ख्या चर्चशी जाणूनबुजून बोलू?"

लॅम्बर्ट निघून गेले. पुढे त्यांनी तेल बदलायलासुद्धा गाडी आमच्याकडे आणली नाही. आणि त्यांच्या मागची घरं त्यांच्या मागेच गेली, काही पलीकडे, बहुतेक जपान्यांकडे. दोन वर्षांत आमची पाटी उतरली. कॅल्व्हर्ट हे नावच कंपनीने बंद केलं ते फार नंतर, आणि ती बातमी टीव्हीवर आली तेव्हा पपा जेवत होते. त्यांनी मीठ मागितलं. मी जपानी गाड्या विकते आणि बऱ्या विकते.

पण त्या सोमवारी संध्याकाळी मला हे काही माहीत नव्हतं. मी नुसती धुमसत होते. निळी गाडी दारात उभी होती, आणि ती आता गावात कुणी घेणार नाही, हे दोघांनाही कळलं होतं. पपा तिच्या मागे गेले आणि नखाने डिकीवरची पट्टी उचकटून काढली. दोन भोकं तेवढी राहिली. मला म्हणाले, "चल, तू चालव."

मी चाकामागे बसले. ते शेजारी बसले, आणि डबीतल्या शेवटच्या दोन पेपरमिंट आम्ही तोंडात टाकल्या. चर्चवरून गेलो, गाद्यांच्या कारखान्यावरून गेलो. माझा राग अजून गेला नव्हता, पण त्यांचा हात मांडीवर नुसता पडलेला होता, आणि तो बघून मला रडू यायला लागलं. गाडीने रूळ ओलांडले. त्यांनी काही विचारलं नाही, म्हणून मीच विचारलं.

"पपा, काही आवाज येतोय?"

त्यांनी कान दिला. बराच वेळ दिला.

"नाही," ते म्हणाले.

मी त्यांच्या पुढच्या वाक्याची वाट पाहत घरापर्यंत गाडी चालवली.