अमेरिकेचा सरपंच

खरं सांगतो, त्या धड्यातलं मला काडीचं कळत नव्हतं. पण मास्तराला एखादी गोष्ट येत नाही, असं म्हणायची आमच्या काळी सोय नव्हती, आणि माझ्या स्वभावात तर मुळीच नव्हती. चिंचवडच्या शाळेत उद्धव मास्तर म्हटलं की पोरं आधी माझ्या हातात छडी आहे का ते मागं वळून बघायची.

पंचावन्न साल असेल. पिंपरीला औषधाचा कारखाना नुकताच सुरू झाला होता. बाहेरगावची माणसं येऊन राहत होती, शाळा वाढत होत्या, पण शिकवायला माणूस मिळेना. म्हणून सातवीची फायनल पास झालेल्या बायकांना पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात घ्यायचं ठरलं. तोंडी परीक्षा आमच्याच शाळेत होणार, पुण्याहून साहेब येणार. सहा बायकांची तयारी करून घ्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. त्यांतली मंजुळाबाई काळेवाडीची, नदी ओलांडून चालत यायची. तिशीची विधवा. तिच्या सासऱ्यानं बजावलं होतं, "या खेपेला लागलीस तर लाग. न्हाई लागलीस तर पुन्यांदा शाळंचं नाव काढायचं न्हाई." हे तिनंच पहिल्या दिवशी मला सांगितलं होतं. म्हणजे मला ठाऊक नव्हतं असं म्हणायलाही मला जागा नाही.

नागरिकशास्त्रात त्या साली अमेरिकेच्या राज्यकारभाराचा धडा नवा आला होता. दोन पानांचा. कायदे करणारी दोन सभागृहं, कारभार बघणारा राष्ट्राध्यक्ष, न्यायनिवाड्याला सर्वोच्च न्यायालय, एवढं सांगून पुस्तक मोकळं झालं. उजळणीला तास उरला होता, तो मी माझ्या डोक्यातून भरला. "हे बघा, सोपं आहे. राष्ट्राध्यक्ष म्हणजे अमेरिकेचा सरपंच. सभासद उलटले, अविश्वासाचा ठराव केला, की बसला घरी!" शेजारच्या गावच्या दत्तोबा सरपंचाला महिन्यापूर्वी असंच खाली ओढलं होतं. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. काय झकास शिकवतो आपण, असं वाटून मी मिशीवरून हात फिरवला.

मंजुळाबाई तेवढी हसली नाही. उभी राहून म्हणाली, "गुरुजी, वाचनालयात पेपर वाचला व्हता मी. तिथं औंदा दोन्ही सभागृहांत विरोधक जास्त झाल्यात. तरी अध्यक्ष हाय तिथंच हाय. त्याला काढायचं तर गुन्हा दाखवून खटला चालवावा लागतो म्हनं, आन वरच्या सभागृहात दोन-तृतीयांश मतं लागत्यात."

माझं टाळकंच सरकलं. "वा! या, मंजुळाबाई, खुर्चीवर बसा. मी बसतो खाली! भाकरी करपल्याचं कळत नाही आणि निघाल्या अमेरिका शिकवायला!" मग माझं उत्तर तिला उभ्यानं दहा वेळा म्हणायला लावलं. तिनं म्हटलं. आठव्या वेळी तिचा आवाज फुटला, तरी मी थांबवलं नाही. बाकीच्या पाचजणी वहीवर नजर लावून बसल्या होत्या.

संध्याकाळी वाचनालयात जाऊन मी तो पेपर काढला. तिचं अक्षर न् अक्षर खरं होतं.

दुसऱ्या दिवशी वर्गात एवढंच म्हणायचं होतं, बाई, काल माझं चुकलं. जीभ काही झडली नसती. पण म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. साहेब नेमकं तेवढंच कशाला विचारतोय!

साहेबानं नेमकं तेच विचारलं. आणि मंजुळाबाईलाच विचारलं.

मी खिडकीशी उभा होतो. तिनं माझ्याकडे पाहिलं. अहो, तुमचंच सांगा म्हणून मी नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं! मी बाहेरच्या चिंचेकडे बघत राहिलो. मग तिनं माझं उत्तर म्हटलं, सरपंचासकट, जसंच्या तसं. साहेबानं चष्मा काढला. "कुणी शिकवलं हे?"

"कुनी न्हाई, साहेब. माझंच वाचन्यात चुकलं."

"आणि तुम्ही मुलांना शिकवणार?" म्हणत साहेबानं तिच्या नावावर लाल रेघ ओढली. जाताना त्यांनी शेरेबुकात 'शिक्षक मेहनती' असं लिहिलं, आणि मी त्यांना वाकून नमस्कार केला. आज सांगतानाही कानशिलं तापतात माझी.

त्याहून लाजिरवाणं पुढंच आहे. मनातून मी सुखावलो होतो. म्हटलं, बाईनं गुरूची अब्रू राखली, काय ही निष्ठा! चार दिवसांनी तिचे आभार मानायला काळेवाडीला गेलो. ती अंगणात शेण कालवत होती. मी म्हणालो, "मंजुळाबाई, तुमचं खरं होतं. साहेबांना तसं पत्र लिहितो. माझ्यासाठी तुम्ही एवढं केलंत..."

"तुमच्यासाठी?" तिनं मान वर केली. "गुरुजी, साहेब दुपारच्या गाडीनं गेला. तुमी हितंच हाय. माझी इंद्रायणी तुमच्याच साळंत पाचवीला हाय, आजून दोन वरसं तुमच्या हाताखाली काढायच्यात तिला. तुमच्यासमोर तुमचं उत्तर खोडलं असतं तर राग तिच्यावर निघाला असता. नाव सांगितलं असतं तर साहेब तुमाला बोलला असता, आन तुमी तिला. पत्र लिवू नगा. पाया पडते."

मी म्हणणार होतो, बाई, मी तसा माणूस नाही. तेवढ्यात पोरगी दारात आली. मला बघितलं आणि तिनं दोन्ही हात पटकन पाठीमागं लपवले.