कैदेतला पाहुणचार

विजय दिनाच्या कार्यक्रमासाठी अब्दुल रहीम अंजनगाव सुर्जीहून अकोल्याला आला, तो नातीचा, रुबीनाचा, हात धरून. पंचाहत्तरी उलटली होती आणि तळपाय कधीच धड टेकत नसत. मंचावर शेजारच्या खुर्चीत किसनराव बसला होता. दोघं एकाच पलटणीतले. एकाहत्तरच्या लढाईत एकाच खंदकात पकडले गेले आणि पाकिस्तानातल्या छावणीत वर्षभर एकाच बराकीत राहिले. कार्यक्रम किसनरावच्या मुलानं, स्वप्निलनं, ठेवला होता. त्याला महापालिकेचं तिकीट हवं होतं.

आधी किसनराव बोलला. बंदुकीच्या दस्त्यानं दात कसे पाडले, पाण्याच्या घोटासाठी कसं तरसवलं, जखमेत अळ्या पडेस्तोवर पट्टी कशी बदलली नाही. लोक चिडीचूप ऐकत होते. रहीमही मान हलवत होता, कारण सगळं खरं होतं.

मग माईक रहीमच्या हातात आला. तो तोंड उघडणार, तोच पहिल्या रांगेतला जाकीटवाला उभा राहिला.

"चाचा, राग नका मानू, पण तुमचा तं तिथं पाहुणचारच झाला असन ना? तुमी तं त्यायचेच!"

सभागृहात हशा पिकला.

रहीमला छावणीतला तो अधिकारी आठवला. बराकीतून त्यानं रहीमला एकट्यालाच बोलावलं होतं. टेबलावर गोश्त होतं, गरम रोट्या होत्या, नवं कांबळं होतं. "तू आपला माणूस आहेस," तो म्हणाला होता. "रेडिओवर एवढंच सांग, की हिंदुस्थानात मुसलमानाला इज्जत नाही." रहीमनं नाही म्हटलं, आणि निघताना दोन रोट्या सदऱ्यात लपवल्या. किसन तापानं फणफणला होता. त्याला त्या तुकडे करून भरवल्या. दुसऱ्या दिवशी शिपायांनी रहीमला उलटं टांगून तळपाय फोडले आणि पाय पसरता येत नाहीत अशा कोठडीत टाकलं. अधिकारी अधूनमधून यायचा, तेच विचारायचा. रहीम तेच उत्तर द्यायचा.

सुटून मायदेशी आल्यावर आपल्या लोकांनीही चौकशी केली. सगळ्यांचीच केली. पण बाकीचे घरी गेले, रहीमला मात्र ठेवून घेतलं. तेव्हा किसन गावाहून परत आला होता आणि कर्नलसमोर ओरडला होता, "साहेब, याच्यावर शक घेता, तं आंधी माह्यावर घ्या!" त्याच्या शब्दावर रहीम सुटला होता.

म्हणूनच आता रहीमनं किसनरावकडे पाहिलं. किसनरावनं पाण्याची बाटली उघडली. खाली उभा असलेला स्वप्निल बापाला डोळ्यांनी दटावत होता. जाकीटवाला त्याच्याच पक्षातला वजनदार माणूस होता.

"मलेही मारलं," रहीम माईकवर म्हणाला. "किसनले माहीत आहे."

किसनराव बाटलीचं झाकण लावत बसला. निवेदकानं घाईघाईनं घोषणा सुरू केल्या आणि सगळे उठून उभे राहिले.

फाटकाबाहेर रहीम ऑटोत बसत होता, तेवढ्यात किसनराव सत्काराची शाल घेऊन धापा टाकत आला.

"रहीम, तुही शाल राहिली गड्या."

"राहू दे."

"आयक तं. पोराचं तिकीट त्या माणसाच्या हातात आहे. म्हून मी..."

"तवा तुह्यापुढं कर्नल होता," रहीम म्हणाला. "त्यानं तुलेही आत टाकलं असतं. तरी नाही भेला तू."

"तवा माह्याजवळ पोर नव्हतं."

रहीमनं शेजारी बसलेल्या रुबीनाकडे बोट केलं. "माह्याजवळ ही आहे. लोक हसले, ते इनं आयकलं. तू गप्प बसला, तेही इनं पाह्यलं."

किसनराव शाल पुढे धरून उभाच राहिला. रहीमनं ड्रायव्हरला निघायला सांगितलं.

बसमध्ये रुबीनानं विचारलं, "दादा, तुम्हीच सगळं का नाही सांगितलं?"

"माह्या तोंडून कोणी मानलं असतं, बेटा?"

स्वप्निलला तिकीट मिळालं. ईदेला दरवर्षी न चुकता येणारा किसनराव त्या वर्षी आला नाही. रहीमच्या बायकोनं, हलीमाबीनं, त्याच्यासाठी शीरखुर्म्याचा वाडगा दुपारपर्यंत झाकून ठेवला. मग रहीमच म्हणाला, "देऊन टाक कोणाले." आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला.